अंमलाचा शब्द

हवालदार ठाण्याच्या पायऱ्या चढून आत आला, तेव्हा भिंतीशी बाकावर बसलेला किल्लीवाला त्याला पाहून उठून उभा राहिला, आणि सवयीनं हवालदाराच्या तोंडून निघून गेलं, "बसा, बसा."

किल्लीवाला बसला. बाकाचा एक पाय आखूड होता, तो फरशीला टेकला. टक्.

झालं ते एवढंच. पण हवालदाराचा हात खुंटीवर टोपी अडकवता अडकवता तिथंच राहिला. घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं, बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला म्हणावं, तसला तो शब्द. साधा, मऊ, हातानं धूळ झटकून जागा करून दिल्यासारखा. पण या चार भिंतींच्या आत त्याला वेगळंच वजन होतं. किल्लीवाल्याला काल बसवलं ते मोठ्या साहेबांनी. साहेबांनी फौजदाराला सांगितलं, फौजदारानं हवालदाराला सांगितलं, हवालदार जाऊन माणूस घेऊन आला. शब्द साहेबांचा, हवालदार नुसता नळ. पाणी वरच्या टाकीतलं, गोड निघो की गढूळ, नळाला कोण विचारतो? काल रात्री तो शांत झोपला होता तो याच हिशेबानं. आणि आता नळ आपल्या तोंडानं बोलून बसला होता. कुणी वरून सोडलेलं नसताना. "बसा, बसा." एकदा नव्हे, दोनदा. घशात काटा अडकावा तसा तो शब्द त्याला टोचायला लागला, आणि टोपी खुंटीवरून घसरून खाली पडली.

"दादा, टोपीनं राजीनामा दिला वाटतं," बिनतारीच्या टेबलावरून शिपाईबाई म्हणाली. ठाण्यात सगळ्यांत नवी, जिभेनं सगळ्यांत जुनी. दिवसभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचे हुकूम इकडून तिकडं करायची, म्हणून मधल्या मोकळ्या वेळात स्वतःचं बोलून घ्यायची.

"तू तुझं यंत्र सांभाळ," हवालदार म्हणाला. पण त्याचं लक्ष बाकाकडं होतं.

तो बाक कुणी आणला, कुठल्या साहेबाच्या काळात, कुणाला ठाऊक नव्हतं. माणसांनी बसून बसून त्याच्या लाकडाला तेल लावल्यासारखी झळाळी आलेली. मधोमध दोन उथळ खळगे. जो येई तो नकळत एका खळग्यात जाऊन बसे, जसं पाणी आपणहून सखल जागा शोधतं. आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली, ती वरचेवर सरकायची, आणि बसलेल्यानं कूस बदलली की टक् व्हायचं. नोकरीच्या इतक्या वर्षांत हवालदाराला त्या आवाजावरून कळायचं की बाकावर कोण आहे. घाबरलेला माणूस सारखा टकटक करतो. सराईत माणूस आवाजच करत नाही. हा किल्लीवाला मधूनच एकदा टक् करायचा आणि मग बराच वेळ काही नाही. जणू दारावर एकदा थाप मारून, आत कुणी आहे का याची अदबीनं वाट बघत होता.

काल सकाळी फोन आला होता. एका वरच्या मजल्यावरच्या घरातलं कुलूप न तुटता कपाटातले दागिने गेले, असा. घरमालक असा, की ज्याचा फोन मोठे साहेब खुर्चीतून उठून घेत. "त्या भागातला किल्लीवाला आणून बसवा. मी बघतो," साहेब म्हणाले. फौजदारानं खोलीबाहेर येऊन तेच म्हटलं, फक्त 'मी'च्या जागी 'साहेब' घातलं. हवालदार गेला. बंद पडलेल्या दुकानाच्या जिन्याखाली किल्लीवाल्याचं बस्तान. डोक्यावर तारेला किल्ल्यांचे झुबके लोंबत होते, वारा आला की किणकिण वाजत होते, आणि त्यांच्याखाली तो कानस घासत होता. "चला काका, साहेबांनी बोलावलंय. पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं नव्हेत, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं किल्ल्या कापायच्या यंत्रावर फडकं टाकलं, शेजारच्या छत्र्या दुरुस्त करणाऱ्याला "येतोच रे, लक्ष ठेव" म्हणाला आणि निघाला. बेड्या नाहीत, दंडाला धरणं नाही. दोघं शेजारी शेजारी चालत आले, दोन सोयरे बाजारातून परतावेत तसे. वाटेत त्यानं बायकोच्या डोळ्याचं सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, उद्या पट्टी सोडायची.

आणि काल दुपारी मोठ्या साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. तातडीनं हजर व्हा. संध्याकाळच्या आत साहेब चहा घेऊन, सगळ्यांशी हात मिळवून गेले सुद्धा. जाताना ते बाकासमोरून गेले तेव्हा किल्लीवाला उठून उभा राहिला होता. साहेबांनी मान हलवली, निरोपाला आलेल्यांपैकी तो एक असावा असं समजून. गाडीचं दार लागलं आणि त्यांचा 'मी बघतो' त्यांच्याबरोबर गाडीत बसून निघून गेला. मागं राहिला नुसता 'बसवा'.

रात्र किल्लीवाल्यानं बाकावरच काढली. सकाळी तोंड धुऊन, केस पाण्यानं चापून, सदऱ्याची वरची गुंडी लावून बसला होता. कुठं कामाला निघालेला माणूस दिसावा तसा.

"साहेब," तो आता म्हणाला. हवालदाराला साहेब म्हणणारी माणसं फक्त बाकावर भेटत. "दुपारी हिची पट्टी सोडणार. घरचं माणूस आल्याशिवाय दवाखान्यातून सोडत नाहीत. आम्ही दोघंच. तिसरं कुणी नाही."

"कळवलंत का तिला?"

"काय कळवू? इथं आहे म्हणून? डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाला असलं सांगू नये. तिला वाटत असेल, कुणाचं तरी अवघड कुलूप आलं असेल." मग तो जरा हसला. "ते काही खोटं नाही म्हणा."

"बघतो," हवालदार म्हणाला. आणि पुन्हा त्याला काटा टोचला. हा शब्दही त्याचा नव्हता. साहेबांचा होता, कालचा. कुणीतरी टाकून दिलेला कोट अंगात घालावा तसा त्याच्या अंगात गेला होता.

फोन वाजला. तोच घरमालक. आवाजात लाज आणि हसू, दोन्ही. दागिने सापडले होते. त्याच्या सासूबाईंनीच ते लोकरी कपड्यांच्या पेटीत सुरक्षित म्हणून ठेवले होते, आणि सुरक्षित ठेवल्याचं विसरल्या होत्या. "साहेबांना माझा नमस्कार सांगा. उगाच त्रास दिला." हवालदारानं फोन ठेवला तेव्हा त्याला हायसं वाटलं, मोकळ्या आभाळाखाली आल्यासारखं. चोरीच नाही, तर चोर कुठला, आणि चोर नाही तर बाकावर कोण? तो फौजदाराच्या खोलीकडं जवळजवळ धावत गेला. दाराशी थांबला, कडक उभा राहिला, आत यायची परवानगी मागितली. फौजदार त्याच्या थोरल्या पुतण्याच्या वयाचा होता. परीक्षा देऊन थेट खांद्यावर तारे लावून आलेला. सतत पोट बिघडलेलं, टेबलावर औषधाची बाटली. हवालदारानं सांगितलं ते त्यानं ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद उमटायच्या ऐवजी एक जुनी काळजी येऊन बसली.

"मग सोडायचं ना साहेब, त्या म्हाताऱ्याला?"

"सोडायचं कसं? धरलंय कुठं आपण?" फौजदार म्हणाला. "कुठं नोंद नाही, काही नाही. धरलं असतं तर सोडता आलं असतं, हवालदार. नुसतं बसवलंय."

"मग उठवू?"

"मोठ्या साहेबांनी बसवलंय."

"ते तर गेले."

"साहेब गेले, खुर्ची आहे ना. नवे साहेब येतायत आज दुपारपर्यंत. पहिल्याच दिवशी कुणी विचारलं की माझ्या खुर्चीनं बसवलेला माणूस कुणी उठवला, तर काय सांगू? तुमचं नाव सांगू?" मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही जुने आहात. जुन्या साहेबांना फोन लावून बघा ना. मी लावला तर वेगळं दिसेल."

हवालदारानं फोन लावला. पलीकडं मोटारीचा आवाज, वाऱ्याचा आवाज, आणि त्यात साहेबांचा आवाज. तो कालच्यापेक्षा सैल झालेला होता, कमरेचा पट्टा काढल्यासारखा. "कोण किल्लीवाला? हां हां. अहो, ते आता माझं ठाणं नाही. मी इकडून बोलणं बरं दिसत नाही. नव्या साहेबांना विचारा. आणि गुडघ्याला जपा तुमच्या." साहेब माणूस वाईट नव्हता. हवालदाराच्या गुडघ्याची आठवण ठेवणारा साहेब त्याला नोकरीत दुसरा भेटला नव्हता. तेच तर अवघड होतं. या सगळ्यात वाईट माणूस कुणीच नव्हता. एकेकाला उलटून पालटून बघितलं तरी सापडत नव्हता. हुकूम खाली येतो तेव्हा जिन्यावरून घरंगळत येतो, प्रत्येक पायरीवर थोडा अधिक जोरात. आणि खालून काही विचारायला गेलं, की ते विचारणं त्याच जिन्यानं वर चढतं, पायरीपायरीवर दम खातं, आणि कुठल्या तरी वळणावर बसून राहतं. त्यालाही कुणीतरी "बसा" म्हणत असेल.

बाहेर आला तर शिपाईबाईनं कानाचं यंत्र अर्धं बाजूला केलं. "दादा, एक विचारू? तुम्ही 'उठा' म्हणालात तर छत खाली येईल का?"

"तुला नाही कळायचं. दंडावर फिती आल्या की कळेल."

"फितीनं तोंड शिवतात होय? मला वाटलं बाहीवरच शिवतात." यंत्रात काहीतरी खरखरलं, आणि तिनं लगेच आवाज बदलून उत्तर दिलं, कोरडा, बिनचेहऱ्याचा आवाज, कुणीतरी सांगितलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणून दाखवलं, चूक नको म्हणून. मग यंत्र खाली ठेवून ती पुन्हा ती झाली. हवालदाराला त्या बदलाची भीती वाटली. इतकी सहज यायची ती त्या आवाजात आणि जायची. आपण त्या आवाजातून शेवटचं बाहेर कधी आलो होतो? त्याला आठवेना.

तो खिडकीशी गेला. आवारात ध्वजाच्या खांबाची दोरी वाऱ्यानं खांबावर आपटत होती. उन्हानं फरशी पांढरी झाली होती, आणि त्या पांढऱ्यात बघता बघता त्याच्या पायाखाली ते जुनं मैदान आलं. भरतीचे दिवस. कवायत शिकवणारा उस्ताद बुटका, पण आवाज असा की झाडावरचे पक्षी उडावेत. पहिल्याच दिवशी त्यानं शिकवलं होतं: हुकमाचे दोन भाग. पहिला इशाऱ्याचा, दुसरा अंमलाचा. "साव" हा इशारा. "धान" हा अंमल. "साव" ऐकलं की काय करायचं? काही नाही. नुसतं जागं व्हायचं, कानापासून टाचेपर्यंत. हलायचं ते "धान"वर. जो "साव"वरच हलला त्याला मैदानाभोवती पळवत, बंदूक डोक्यावर धरून. अर्ध्या शब्दावर हलतो तो घात करतो, उस्ताद म्हणे. एकदा भर उन्हात सगळे ओळीनं विश्राम स्थितीत उभे होते. उस्तादानं छाती भरून घेतली आणि "साव" अशी लांब हाक दिली, आणि तेवढ्यात कचेरीतून कुणी बोलावलं म्हणून तो तसाच पळत गेला. "धान" त्याच्या तोंडातच राहिलं. सगळी ओळ त्या अर्ध्या शब्दावर टांगलेली. कपाळावरचा घाम भुवईत, भुवईतून डोळ्यात. माशी ओठावर बसलेली. शेजारी उंच मानेचा एक पोरगा होता, वारंवार गळ्याशी आवंढा गिळायचा. त्याचा श्वास आधी जोरात झाला, मग बारीक, मग गहू भरलेलं पोतं उलथावं तसा तो खाली पडला. कुणी वाकलं नाही. हवालदारही नाही, तेव्हा तो हवालदार नव्हता, कुणीच नव्हता, एक कोवळा मुलगा होता आणि त्याच्या बुटाला त्या पडलेल्या मुलाची बोटं लागत होती. उस्ताद परत आला. त्यानं ओळ पाहिली, पडलेला पाहिला, आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं "धान!" म्हणाला. सगळ्यांच्या टाचा एकदम वाजल्या. एकच टाच. "शाब्बास," उस्ताद म्हणाला, आणि या मुलासमोर येऊन थांबला. "याच्या बुटाला हात लागत होता, तरी हलला नाही. याला म्हणतात शिपाई." त्याच्या वडिलांनी त्याला कधी शाबासकी दिली नव्हती. ती पहिली. तिच्यावरच पुढची सगळी नोकरी उभी राहिली, आणि दंडावर एकेक करून फिती आल्या. उंच मानेचा पोरगा बरा झाल्यावर पेटी उचलून घरी निघून गेला, तेव्हा सगळे हसले होते. आज खिडकीशी उभं असताना हवालदाराला पहिल्यांदाच वाटलं, त्या ओळीत एकट्या त्या पोराचाच देह शहाणा होता. आणि बुटाच्या टोकाशी, कातड्यातून, ती बोटं पुन्हा लागली. गार, विचारल्यासारखी.

टक्. मागं बाक वाजला.

"काका, पाणी?"

"नको साहेब. पाणी प्यायलं की वेळ जातो असं वाटतं. वेळ आहे तिथंच राहू दे."

हवालदार त्याच्याजवळ गेला, पण बसला नाही. बसणं त्याला कधीच जमलं नव्हतं. लग्नाआधी पहिल्यांदा बायकोच्या घरी गेला तेव्हा सगळे बसले तरी हा उभा. शेवटी तिचा लहान भाऊ ओरडला, "ताई, यांना गुडघेच नाहीत!" अजूनही घरी जेवणाच्या वेळी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहायचा, बायको "बसा आता" म्हणेपर्यंत. "स्वतःच्या घरात बसायलासुद्धा तुम्हाला हुकूम लागतो," ती म्हणायची. "मी मेले तर उपाशी उभे राहाल." ती हसून म्हणायची, पण एकदा तापात असताना तिनं हेच न हसता म्हटलं होतं. त्या दिवशी त्याला तिची भीती वाटली होती. नव्हे, तिच्या नसण्याची. आता कुठल्याशा दवाखान्यात एक बाई डोळ्यावर पट्टी घेऊन बसली असेल. तीही बाकावरच. पायांचा आवाज आला की मान वर करत असेल. पट्टी सोडतील, डोळे उघडतील, आणि मग तेच दोन डोळे घेऊन दाराकडं बघत बसेल. कुणी तिला "जा" म्हणणार नाही, कारण तिचं माणूस आलेलं नाही. आणि तिचं माणूस येणार नाही, कारण त्याला कुणी "ऊठ" म्हणत नाही. शहरात असे किती बाक असतील, एकमेकांना न दिसणारे, एकाच दोरीनं बांधलेले?

त्याला एकाएकी आई आठवली. तो पाळण्यात असताना म्हणायची म्हणे, पुढं धाकट्या बहिणीच्या वेळी त्यानं स्वतः ऐकलेलं. दार लावताना, घरात वारा शिरून दिवा विझू नये म्हणून, ती वाऱ्याशी बोलायची:

बस बस वाऱ्या उंबऱ्यात,
बाळ माझं पाळण्यात;
ऊठ ऊठ वाऱ्या, जा रानात,
बाळ माझं आलं भानात.

वारा तिचं ऐकायचा की नाही, देव जाणे. पण ती कधी अर्ध्यावर थांबली नाही. बसवलेल्या वाऱ्याला सकाळी दार उघडून उठवायची, न चुकता. भांडी घासायच्या आधी, चूल पेटवायच्या आधी. एकदा बहिणीनं विचारलं होतं, नाही उठवलं तर? आई म्हणाली, "मग तो बिचारा तिथंच बसून राहील ना गं. आपण बसवलं, आपणच उठवायचं." तिच्या दंडावर फिती नव्हत्या. कुणी तिला वाऱ्यावर नेमलं नव्हतं.

आपण बसवलं. हवालदारानं खाली पाहिलं. किल्लीवाल्याचे हात मांडीवर उताणे पडले होते. बोटांच्या पेरांत लोखंडाची काळी रेघ मुरलेली. याच हातांनी एकदा हवालदाराचं घर उघडलं होतं. बायको कचरा टाकायला बाहेर आलेली, वाऱ्यानं दार लागलं, आत मुलगी झोपलेली आणि दूध चुलीवर. हा आला होता धापा टाकत, कान कुलपाला लावून, आत नाजूक काहीतरी घालून. "बोलू नका कुणी, ते सांगतंय," म्हणाला होता. कुलूप त्याला काहीतरी सांगत होतं. मग खट् झालं. आज समोर ठाण्याचं दार सताड उघडं होतं, बाहेरचा रस्ता दिसत होता, आणि हा जगातली सगळी कुलपं उघडणारा माणूस तिथं बसला होता. कारण या दाराला कुलूप नव्हतं.

"काका," हवालदार म्हणाला. 'उठा' म्हणायला तोंड उघडलं. ऊ. एवढा एकच स्वर. ओठांचा चंबू झाला. आणि पुढचं आलं नाही. तोंडात वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासून गुळगुळीत झालेला कसला तरी दगड होता. "ऊ... ऊन फार आहे आज," तो म्हणाला.

"हो साहेब," किल्लीवाला म्हणाला. त्याला सगळं कळलं असावं. त्यानं नजर फिरवली, समोरच्याची फजिती बघू नये म्हणून सभ्य माणूस फिरवतो तशी. हवालदाराचे कान तापले.

आवारात गाडी थांबली. शिपाईबाईनं यंत्र ठेवलं, फौजदार टोपी नीट करत खोलीतून धावत बाहेर आला, पहारेकऱ्याची बंदूक खाडकन सरळ झाली. नवे साहेब. सगळं ठाणं उभं राहिलं. खुर्च्या मागं सरकल्याचा एकच आवाज झाला, आणि त्यात शेवटी, जरासा उशिरा, टक्. किल्लीवालाही उठून उभा राहिला होता.

हवालदाराच्या छातीत काहीतरी उसळलं. उठला! कुणी न म्हणता उठला. आता फक्त कुणी त्याला बस म्हणू नये. आता तो असाच उभा राहावा, पाऊल टाकावं, पायऱ्या उतराव्यात. उभा माणूस आणि चालता माणूस यांच्यात असं कितीसं अंतर असतं?

नवे साहेब उंच होते, चेहरा प्रसन्न. आत येताच त्यांनी सगळ्यांकडं पाहून हात हलवला, मोठ्या मनाच्या माणसासारखा, आणि ओळखीचं हसू हसत म्हणाले, "बसा, बसा. सगळे बसा."

सगळे बसले. फौजदार बसला, शिपाईबाई बसली. टक्. किल्लीवाला बसला.

हवालदाराला वाटलं आपण मोठ्यानं ओरडणार. झालं. आता त्याला नव्या खुर्चीनंही बसवलं. आता साहेब खोलीत जातील, चहा येईल, एकेकाची ओळख होईल, आणि दुपार पायऱ्या उतरून निघून जाईल. कधीतरी कुणी विचारेल, तो म्हातारा कोण. आणि फौजदार म्हणेल, साहेब, तुम्हीच तर बसवलंत. खोटंही नसेल ते.

मग त्याच्या ध्यानात आलं की ठाण्यात एकच माणूस उभा आहे, आणि तो आपण. गुडघे वाकत नव्हते. बुटाच्या टोकाशी ती गार बोटं होती. साहेब पाठमोरे झाले होते, खोलीच्या दाराशी. हवालदारानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. बाकाशी आला. तोंडातला दगड तसाच होता, म्हणून त्यानं तोंडाला विचारलंच नाही. वाकून किल्लीवाल्याचा हात हातात घेतला. लोखंडाचा वास असलेला तो खरखरीत हात आधी घाबरला, मग थांबला, मग त्यानं धरलं.

"साहेबांनी बसा म्हटलंय ना?" किल्लीवाला कुजबुजला.

"ते मला म्हणाले," हवालदार म्हणाला. "तुमच्या वाटचं मी परत आल्यावर बसेन."

बाक एकदा वाजला, आणि गप्प झाला. दोघं दाराकडं निघाले. शिपाईबाईनं यंत्र पटकन कानाला लावलं, तिकडून काहीही येत नसताना, आणि भिंतीकडं तोंड करून कुणाला तरी "ऐकतेय, ऐकतेय" म्हणत राहिली. तिच्या बाजूनं तेवढंच जमण्यासारखं होतं. फौजदार अर्धवट उठला, औषधाची बाटली कलंडली. उंबरा आला. पहिली पायरी आली. उन्हानं दोघांचेही डोळे दिपले.

"हवालदार!"

साहेबांचा आवाज. कडक, ताणलेला, पाठीच्या मणक्यात जाऊन रुतणारा. हवालदाराचं सगळं अंग जागं झालं, कानापासून टाचेपर्यंत, जसं त्या मैदानावर झालं होतं. कितीही वर्षं गेली तरी देह विसरत नाही. तो थांबणार होता.

पण हा तर इशारा होता. नुसता इशाऱ्याचा शब्द. अंमलाचा अजून आला नव्हता. त्या दोन शब्दांच्या मध्ये शिस्तीचा माणूस उभा राहतो, घाम पुसत नाही, पडलेल्याकडं बघत नाही, हे त्याला आयुष्यभर माहीत होतं. मध्ये जागा असते, आणि त्या जागेतून चालताही येतं, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"चला काका," तो म्हणाला. दुसरा शब्द येईपर्यंत ते फाटकाबाहेर पडत होते.